काहीच लागत नाही मनाला, हे बरं की वाईट?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीत राहणारे आणि अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्सचं काम बघणारे अडतीस वर्षांचे गृहस्थ लिहितात: "गेलं वर्षभर मला सगळं दिसतं, समजतं, पण त्यावर काही बोलावं, करावं असं वाटतच नाही. साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत झापलं, तेव्हा त्यांच्या पेनाला टोपण नाही एवढंच मी बघत होतो. मुलीचा गॅदरिंगमध्ये नाच झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून मीही वाजवल्या. मोठे काका गेले, स्मशानात डोळ्यांत टिपूस आलं नाही. दोन वर्षांपूर्वी इगतपुरीला दहा दिवसांचा विपश्यनेचा कोर्स केला होता, म्हणून मित्र म्हणतात की तू स्थितप्रज्ञ झालास. बायको म्हणते, घरात पेइंग गेस्ट ठेवल्यासारखं वाटतं. पुढच्या महिन्यात पुन्हा कोर्सला जायचा विचार आहे. हे नेमकं काय चाललंय?" खाली ताजा कलम: झोपेत दात खातो म्हणून दातांच्या डॉक्टरांनी रात्री घालायला कव्हर दिलंय. आणि लोकलमध्ये छातीत धडधडायचं म्हणून गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास फॅमिली डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली, ती चालू आहे.

तुमच्या पत्रातला सगळ्यांत कामाचा मजकूर त्या ताज्या कलमात आहे. माझ्याकडे येणारी माणसंही हेच करतात. पाऊण तास ऑफिसबद्दल बोलतात आणि उठून चपला घालताना विचारतात, "मॅडम, ती गोळी चालूच ठेवायची ना?" त्या गोळीकडे आणि दातांकडे मी येतेच. आधी तुमचे मित्र आणि तुमची बायको यांच्यातला वाद बघू.

प्रतिक्रिया न देणं यात मुळात काही बिघडलेलं नसतं. मुंबईत राहायचं तर ते यावंच लागतं. घाटकोपरच्या पुलावर धक्का मारून जाणाऱ्या प्रत्येकाशी भांडत बसलात तर मेट्रोच्या फलाटावर पोचणारच नाही. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" सुरू झालं की कान आपोआप फक्त आपल्या गाडीचं नाव वेचतात, बाकीचं सोडून देतात. मेंदूचं हे रोजचं काम आहे. तोच आवाज, तीच गर्दी पुन्हा पुन्हा आली की तो दखल घेणं कमी करतो. त्याला आजार म्हणत नाहीत.

पण या शहराने एक वाईट सवयही लावली आहे. न वाटण्याचं कौतुक करायची. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांमध्ये, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, काही मिनिटांत सात स्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी लोक त्याच मार्गावरून कामावर गेले. त्याला आपण 'मुंबई स्पिरिट' म्हणालो. त्या वेळी मदतीला धावलेल्यांचं धैर्य खरंच होतं. पण दुसऱ्या दिवशी डब्यात चढलेल्या कितीतरी जणांना रजा परवडणारी नव्हती, एवढंच. त्यांतले काही पुढे कित्येक वर्षं पहिल्या वर्गाच्या डब्याजवळ उभे राहू शकले नाहीत, आणि हे कुणाला सांगायचं असतं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. न रडता कामाला लागलेला माणूस आपल्याकडे 'खंबीर' ठरतो. म्हणून तुमच्यासारख्या माणसाला वर्षभर कुणी विचारत नाही. विचारलं ते बायकोने.

आता मुद्द्याचं. साहेब ओरडले आणि तुम्ही गप्प बसलात, यावरून मला काहीच कळत नाही. मला विचारायचं आहे ते असं: त्या क्षणी उत्तर देता येत होतं आणि दिलं नाही, की द्यायला आत काही नव्हतंच? पहिल्यात माणसाला राग येतो, तो ओळखू येतो, छातीत गरम होतं, आणि तो ठरवतो की आत्ता नको. संध्याकाळी घरी येऊन तो बायकोला सांगतो, "आज असा राग आला होता ना!" दुसऱ्यात सांगण्यासारखं काही उरत नाही. उरतं ते पेनाचं टोपण.

त्याहून महत्त्वाची खूण म्हणजे आनंदाचं काय झालं. तुमच्या पत्रात साहेब आणि काका यांच्यापेक्षा मला मुलीचा नाच जास्त खटकला. ज्याचं मन खरोखर स्थिर झालंय तो अपमानाने हलत नाही, पण पोरगी स्टेजवर चुकली आणि तिने हळूच तुमच्याकडे बघितलं तर त्याच्या पोटात तुटतं. उलट त्याला हे जास्तच जाणवतं, कारण डोक्यातला बाकीचा गोंगाट कमी झालेला असतो. जिथे दुःखाबरोबर गोडीही गेली, जेवणाची चव गेली, आवडीचं गाणं नुसतं आवाज झालं, तिथे मी शांतपणा हा शब्द वापरत नाही. दातांच्या डॉक्टरांकडे तुम्ही जाऊन आलाच आहात. ते इंजेक्शन एका दाढेसाठी देतात, पण ओठ, जीभ, अर्धा गाल सगळंच बधिर होतं. चहा किती गरम आहे ते कळत नाही आणि गाल चावला गेला तरी पत्ता लागत नाही. मनाचंही असंच होतं. धडधड नको म्हणून बंद केलेलं दार मुलीच्या नाचालाही बंद होतं.

तुम्ही ज्या परंपरेचा कोर्स केलात, तिला हा धोका फार आधीपासून माहीत आहे. पाचव्या शतकात बुद्धघोष या बौद्ध भाष्यकाराने मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) आणि उपेक्खा (समता) या चार भावनांबद्दल लिहिताना प्रत्येकीचा एक लांबचा शत्रू आणि एक जवळचा शत्रू सांगितला. लांबचा शत्रू उघड असतो, लगेच ओळखू येतो. जवळचा मात्र दिसायला हुबेहूब तिच्यासारखाच असतो. समतेचा जवळचा शत्रू त्याने सांगितला तो अजाणतेपणातून आलेला कोरडेपणा, म्हणजे कळतच नाही म्हणून काही न वाटणं. तुमच्या कोर्सची मांडणी आठवून बघा. आधी श्वास, मग चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना, आणि दहाव्या दिवशी मंगल मैत्री. शेवट मैत्रीने होतो, तो उगाच नाही. संवेदना बघायच्या म्हणजे त्या आधी जाणवायला हव्यात. जिथे जाणवणंच थांबलंय तिथे बघणार काय? तेव्हा मित्रांना सांगा, स्थितप्रज्ञ वगैरे राहू द्या.

आता ती गोळी. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, मी मागणारही नाही. मी मानसशास्त्रज्ञ आहे, औषध लिहिणं किंवा बदलणं माझ्या अखत्यारीत येत नाही. पण लोकलमधल्या धडधडीसाठी आपल्याकडे फॅमिली डॉक्टर साधारण काय देतात ते रोज बघते. एक तर एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालीनसारखी एसएसआरआय या नैराश्यविरोधी औषधांच्या गटातली गोळी, नाहीतर क्लोनाझेपाम ही मन शांत करणारी गोळी, पुष्कळदा दोन्ही एकत्र. पहिल्या गटातल्या औषधांनी घबराट आणि नैराश्य यांतून लाखो माणसं बाहेर आली आहेत, त्यामुळे त्यांना नावं ठेवायला मी निघालेले नाही. पण काही जणांच्या भावना त्यांनी सपाट होतात. रडू येत नाही, हसूही वरवरचं येतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात नैराश्यासाठी औषध घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोकांनी असा सपाटपणा थोडाफार असल्याचं सांगितलं. त्यात औषधाचा वाटा किती आणि मूळ आजाराचा किती, हे वेगळं काढणं अवघड असतं, कारण नैराश्य स्वतःही हेच करतं. क्लोनाझेपामचं वेगळंच. ते बरेच महिने रोज घेतलं तर सुस्ती आणि मंदपणा येतो, शिवाय सवय लागते.

तारखा जुळवून बघा. गोळी गणपतीत सुरू झाली आणि "गेलं वर्षभर" असं तुम्ही म्हणता. कोर्स त्याच्याही बऱ्याच आधीचा. मी तुमच्या जागी असते तर कोर्सवर संशय घेण्याआधी गोळीवर घेतला असता. आणखी एक गोष्ट आहे, जी पुरुष सहसा लिहीत नाहीत. याच गोळ्यांनी शरीरसंबंधाची इच्छा कमी होते, आणि हे मुळीच दुर्मीळ नाही. 'पेइंग गेस्ट' या शब्दामागे तेही असू शकतं. डॉक्टरांना हे सांगायची लाज वाटली तर चिठ्ठीवर लिहून न्या.

दातांचंही दोन्ही बाजूंनी बघावं लागतं. ताणामुळे माणूस झोपेत दात खातो हे खरं. पण एसएसआरआयमुळेही काहींना ही सवय लागते, आणि हे दातांच्या डॉक्टरांना माहीत असावं म्हणून त्यांना तुमची गोळी सांगायला हवी. ताणाची बाजू धरली तर त्यातून मला एक चांगली बातमी दिसते. तुमचं शरीर सुन्न झालेलं नाही. दिवसा तुम्ही म्हणता काही वाटलं नाही, आणि रात्री जबडा काम करतो. १९९० च्या दशकात जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकन संशोधकांनी लोकांना अंगावर काटा येईल अशा फिती दाखवल्या आणि काहींना सांगितलं की चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. त्यांचे चेहरे शांत राहिले. पण आतली किळस कमी झाली नाही आणि शरीरातल्या ताणाच्या काही खुणा उलट वाढलेल्या दिसल्या. वर्षानुवर्षं हेच करणाऱ्या माणसाला पुढे पुढे आपण काही दाबतोय हेही कळेनासं होतं. पगार घेणाऱ्या, घर चालवणाऱ्या मधल्या वयाच्या पुरुषांमध्ये मी हे फार बघते. बायकांमध्येही बघते, फक्त त्या ते डोकेदुखी म्हणून सांगतात.

यावरून एक बाई आठवल्या. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या सिस्टर. रात्रपाळीत दोन पेशंट गेले हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात पुढे दादरला कोथिंबीर काय भाव मिळाली ते सांगितलं. "मला काही होत नाही हो, सवय आहे." बोलताना त्यांच्या हातात रुमाल होता. त्याची चौपदरी घडी घालायच्या, तळव्याने सपाट करायच्या, उलगडायच्या, पुन्हा घालायच्या. काय वाटतंय असं मी विचारलंच नाही. त्या प्रश्नाला असल्या माणसाकडे उत्तर नसतं आणि वर आपण नापास झालो असं त्याला वाटतं. मी विचारलं, "हाताचं काय चाललंय?" त्यांनी खाली बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पेशंट गेला की आम्ही चादर अशीच करतो."

त्या दिवशी त्या रडल्या वगैरे नाहीत. पुढच्या वेळीही नाही. पण दीड-दोन महिन्यांनी त्यांच्या यजमानांचा फोन आला, जरा तक्रारीच्या सुरात: "मॅडम, आधी बरी होती. आता चिडते. काल सुट्या पैशांवरून रिक्षावाल्याशी रस्त्यात भांडली." मला बरं वाटलं, आणि ते मी त्यांना सांगितलंही. हे तुम्हाला मुद्दाम लिहितेय, कारण सुन्नपणा उतरायला लागतो तेव्हा आधी प्रेम येत नाही, आधी चिडचिड येते. दाढेचं इंजेक्शन उतरतानाही ओठ आधी ठणकतो. नेमक्या त्या टप्प्यावर घरचे घाबरतात आणि माणूस उपचार सोडतो. तुमच्या बायकोला हे आधीच वाचून दाखवा.

गोळी आणि ताण यांच्याशिवायही कारणं असतात, ती पटकन सांगते. थायरॉइड मंदावलं की माणूस असाच थंड पडतो. बी-१२ आणि हिमोग्लोबिन कमी असलं तरी मरगळ येते, आणि शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता फारच दिसते. तेव्हा या तीन तपासण्या करून घ्या, एकदाच रक्त दिलं की होतात. झोप किती होते ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण डोंबिवलीहून अंधेरी गाठणाऱ्या माणसाची मी कल्पना करू शकते. रोज पाच तास झोपणाऱ्याने भावना कुठे गेल्या हे विचारण्याआधी दिवा कधी बंद करतो ते बघावं. रोजची दारू किंवा गांजा असेल तर तेही सांगा. काका जाऊन फार दिवस झाले नसतील तर त्या रडू न येण्याला वेगळं काढा. मृत्यूनंतरचे सुरुवातीचे दिवस, कधी कधी महिने, पुष्कळांना काहीच जाणवत नाही, आणि तेराव्यालाही कोरडा राहिलेला माणूस वर्षश्राद्धाला कोसळतो. याचा अर्थ प्रेम नव्हतं असा होत नाही.

एक गोष्ट मात्र तपासायलाच हवी. आपण स्वतःला बाहेरून बघतोय, हात आपले वाटत नाहीत, आजूबाजूचं जग काचेपलीकडे किंवा सिनेमाच्या सेटसारखं आहे, असं होतं का? जबर घबराटीच्या झटक्यांबरोबर हे पुष्कळांना होतं, आणि तुमची सुरुवातच धडधडीपासून झाली होती. आपणच आपल्याला परके वाटण्याला डीपर्सनलायझेशन आणि जग परकं वाटण्याला डीरिअलायझेशन म्हणतात. लोकांना वाटतं आपल्याला वेड लागतंय आणि म्हणून ते कुणाला सांगत नाहीत. पण 'असं वाटतंय, पण ते खरं तसं नाही' हे ज्याला कळतं, त्याचं वास्तवाचं भान शाबूत असतं. त्याच्यावर उपचार आहेत, फक्त त्यासाठी ते तोंडाने सांगायला हवं.

तेव्हा पहिलं काम, मनोविकारतज्ज्ञांना एकदा भेटा. फॅमिली डॉक्टरांनी गोळी चांगल्या हेतूनेच दिली असणार, पण वर्षभरानंतर ती चालू ठेवायची, कमी करायची की बदलायची हे त्या विषयातल्या माणसाने ठरवावं. खाजगी नको असेल तर परळचं केईएम आणि सायन रुग्णालय या दोन्हींचे मानसोपचार विभाग तुमच्याच रेल्वेमार्गावर आहेत. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, हातात डबा आणि संयम ठेवायचा. ठाण्याच्या मनोरुग्णालयाचीही ओपीडी आहे. "याला ठाण्याला न्या" हा आपल्याकडचा जुना विनोद, आणि त्या विनोदामुळे किती माणसं दारातून परत फिरली असतील याचा मला मनापासून राग येतो. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. हा लेख वाचून तर नकोच. एकदम सोडली की चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, चिडचिड, झोप उडणं असं होऊ शकतं, आणि मग माणूस म्हणतो बघा, गोळीशिवाय माझं चालतच नाही. क्लोनाझेपाम असेल तर एकाएकी सोडणं त्याहून धोक्याचं.

दुसरं काम रोजच्या प्रवासातलं. घाटकोपर ते अंधेरी मेट्रोचा पाव तास मोबाइल खिशात ठेवा. डोळे मिटायची गरज नाही. जबडा, पोट आणि तळहात एवढ्या तीनच जागा तपासा. घट्ट की सैल, गरम की गार, बस्स. 'मला आता कोणती भावना होतेय' असं विचारू नका, त्याला उत्तर 'काही नाही' असंच येईल. त्याऐवजी दिवसातल्या चार-पाच बारीक प्रसंगांना 'हवंसं' की 'नकोसं' एवढंच लावा. साहेबांचा ईमेल आला, नकोसं. खिडकीजवळ जागा मिळाली, हवंसं. शेजाऱ्याच्या डब्यातला लसणीच्या चटणीचा वास? जे असेल ते. राग, मत्सर, अपराधीपणा ही मोठी नावं फार पुढची. 'हवं-नको' हे तान्ह्या बाळालाही कळतं, आणि सुन्न माणसालाही थोडं तरी कळतंच. निदान तीन आठवडे करा. पहिल्या आठवड्यात हे बावळटपणाचं वाटेल.

तिसरं, आवडीची वाट बघू नका. नैराश्यावरच्या उपचारांत एक जुनी, खात्रीची पद्धत आहे. वाटलं की करू, हा क्रम उलटा करायचा. आधी करायचं, वाटणं मागून आलं तर आलं. रविवारी मुलीची वेणी तुम्ही घाला. वाईट घातली जाईल, ती ओरडेल, पुन्हा घालावी लागेल. संध्याकाळी तिघं खाडीकडे चालून या. नंतर वहीत शून्य ते दहा यांतला एक आकडा लिहा, किती बरं वाटलं. सुरुवातीला शून्य, शून्य, एक असं येईल. तो एक खोडू नका. माझ्याकडे येणारे हिशेबाचे लोक हा एक 'राउंड ऑफ' करून शून्य लिहितात. तुम्ही अकाउंट्समधले, म्हणून आधीच सांगून ठेवते.

करू नये अशाही दोन गोष्टी. काही वाटावं म्हणून रडके सिनेमे लावून बसणं किंवा मुद्दाम भांडण उकरणं याने काही हाती लागत नाही. आणि लहानपणीचं काही जड, न बोललेलं असेल तर ते रात्री एकट्याने उकरत बसू नका. सुन्नपणा कधी कधी अशा गोष्टीवरचं झाकण असतो. ते समोर कुणी बसलेलं असतानाच उघडावं.

आता बायको. तिला 'मी ठीक आहे' म्हणणं बंद करा, कारण ते खोटं आहे आणि ते तिला कळतं. त्याऐवजी असं काही सांगता येईल: "तू रडतेस ते मला दिसतं. मला काही वाटत नाही म्हणजे तू नको आहेस असं नाही. काहीतरी बिघडलंय आणि मी डॉक्टरांकडे जाणार आहे. तू बरोबर येशील?" शब्द तुमचे वापरा. डोळ्यांत पाणी आणायचा प्रयत्न करू नका. नुसतं तिच्या शेजारी बसणं पुरतं. आणि वहिनींना माझी एक विनंती: याला पाझर फुटतो का ते बघायला परीक्षा घेऊ नका. मोठ्याने रडून, अबोला धरून, माहेरी जाईन म्हणून. बधिर जागेवर चिमटा घेतला तर खूण उमटते, पण त्या माणसाला कळत नाही, आणि तुमचे हात दुखतात ते वेगळंच.

एक प्रश्न मी समोरासमोर नक्की विचारला असता, तो इथेही विचारते. "मी असलो काय, नसलो काय" असा विचार येतो का? सुन्न माणूस मरण्याबद्दलही शांतपणे बोलतो, म्हणून आजूबाजूच्यांना शंका येत नाही. त्याला भीतीही कमी वाटते. लोकलच्या दारात पूर्वी आत सरकणारा माणूस हल्ली बाहेर झुकून उभा राहतो, रूळ ओलांडताना थांबत नाही, यांकडे मी फार लक्ष देते. असं काही असेल तर ओपीडीच्या तारखेची वाट बघू नका. आजच बायकोला सांगा आणि १४४१६ ला फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, २०२२ पासून चालू आहे, फोन फुकट लागतो, चोवीस तास आणि मराठीतही बोलता येतं. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, तिथे मानसिक तक्रार घेऊन गेलेलं चालतं.

राहिला पुढच्या महिन्याचा कोर्स. तो तूर्त पुढे ढकला. दहा दिवसांचं मौन निरोगी माणसाला झेपतं, पण ज्याचा सुन्नपणा कशामुळे आहे हेच ठरलेलं नाही त्याने त्यात उडी घेऊ नये. आधीच काचेपलीकडे गेलेल्या काही जणांची काच तिथे आणखी जाड होते. अर्जात मानसिक त्रास आणि चालू औषधं यांबद्दल विचारलेलं असतं, तिथे खरं लिहा. कोर्सला घ्यावं म्हणून दोन आठवडे आधी गोळी सोडून देणारे लोक मी पाहिलेत, त्यांतले तुम्ही होऊ नका. औषधाचा निर्णय झाला, निदान चार-सहा महिने गेले आणि वहीतले आकडे थोडे हलले, की तुमच्या मनोविकारतज्ज्ञांना विचारून अर्ज करा. इगतपुरीला कोर्स वर्षभर चालू असतात, जागा पुन्हा मिळेल.